मनोवैद्याचे भय : आबे फारियाचे चरित्र आणि ग्रंथ

पणजीस जुन्या सचिवालयाला लागून आबे फारियाचा जो ब्राँझचा पुतळा उभा आहे, तो आमच्या गोमंतकीय शिल्पकलेचा एक बलवान नमुना आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली तेथे बसविण्यात आला. झग्याच्या घोळात वादळासारखा पुढे झेपावलेला पाद्री, त्याचे ते ताणलेले हात, आणि त्या हातांखाली भान हरपून मागे कोसळणारी स्त्री. डिचोलीकडून सहलीस आणलेली लहान मुले या पुतळ्यापाशी हमखास गप्प होतात, आणि एखादे धीट पोर ‘हा भूत काढतो की भूत घालतो?’ असा प्रश्न विचारते. प्रश्न वरवर पोरकट वाटला, तरी आमच्या मते पुतळ्यावरील ती उत्तम टीका आहे. कारण पुतळ्यातील सारी शक्ती पाद्र्याच्या हातांत एकवटली आहे. स्त्री केवळ त्या शक्तीची बळी आहे. फारियाने आयुष्याच्या अखेरीस जो ग्रंथ लिहिला, त्याचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे.

सामान्य वाचकाला ठाऊक असलेले फारिया तीन. एक या पुतळ्यातला. दुसरा अलेक्झांडर द्यूमाच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीतला, इफच्या किल्ल्यातला बंदिवान. आणि तिसरा आमच्या घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या ‘कातर रे भाजी’ या आख्यायिकेतला. चौथा फारिया ग्रंथातला, आणि तोच सर्वांत कमी वाचला गेलेला. या चौघांना एकत्र आणणारे सूत्र म्हणून एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, ती म्हणजे भय. मनाच्या विकारांवर उपाय शोधणाऱ्या माणसाला स्वतःला भयाची बाधा असावी, हे त्याच्या व्यवसायातले न्यून समजावे की त्या व्यवसायाचे मूळ, हा आमच्या विवेचनाचा प्रश्न आहे. तो निव्वळ चरित्राचा प्रश्न नव्हे, हे पुढे दिसेल.

चरित्र थोडक्यात असे. जुझे कुस्तोदिओ द फारिया याचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळी या गावी झाला. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे. पाद्रीपणाची दीक्षा अर्धी टाकून त्यांनी लग्न केले. पुढे पतिपत्नी विभक्त झाली, वडील पुनश्च धर्मसेवेत जाऊन पाद्री झाले, आणि आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. १७७१ साली पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन वडिलांनी लिस्बन गाठले, आणि तेथून मुलगा रोमला जाऊन १७८० साली पाद्री झाला. १७८७ चे पिंटोंचे बंड फसल्यावर संशयाची झळ वडिलांपर्यंत पोहोचली आणि १७८८ साली मुलगा पॅरिसला गेला. तेथे राज्यक्रांतीची धामधूम, प्युईसेगूर या उमरावाकडून चुंबकविद्येचा परिचय, मार्सेय आणि नीम येथे तत्त्वज्ञानाची अध्यापकी, १८१३ पासून पॅरिसच्या रू द क्लिशी या रस्त्यावर जाहीर प्रयोग, १८१६ साली रंगभूमीवर झालेली विटंबना, आणि १८१९ च्या सप्टेंबरात मृत्यू. ज्या साली तो पॅरिसला गेला त्याच साली पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे आला. कोलवाळ आणि पेडणे यांच्यामध्ये शापोरा नदी तेवढी आहे. परंतु फारियाच्या जन्मकाळी ती दोन राज्यांची आणि दोन धर्मशासनांची सीमा होती. या नदीचा उल्लेख आम्ही सहेतुक करीत आहो.

आता ती आख्यायिका. लिस्बनच्या राजप्रार्थनामंदिरात राणी दोना मारिया आणि तिचा दरबार यांच्यापुढे तरुण फारियाला प्रवचन करावयाचे होते. व्यासपीठावर चढताच समोरचे वैभव पाहून त्याची वाचा बसली. तेव्हा जवळच असलेल्या वडिलांनी कोकणीत हळूच म्हटले, ‘कातर रे भाजी!’ ही सगळी भाजी आहे, काप ती. आणि क्षणार्धात भय ओसरून प्रवचन धबधब्यासारखे सुरू झाले. डॉ. दालगाद यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रापासून पुढच्या बहुतेक लेखकांनी ही हकीकत दिली आहे, आणि दोन शब्दांनी भय कसे नाहीसे झाले या कोड्यातूनच फारिया सूचनाशक्तीच्या शोधाकडे वळला, असा तिचा अन्वय लावला आहे.

आख्यायिकेला पुराव्याच्या तराजूत घालण्याचा आमचा विचार नाही. तिचे वाचन कसे झाले एवढेच पाहावयाचे आहे. आमच्याकडे ती मुख्यतः मातृभाषेच्या अभिमानाची कथा म्हणून सांगितली जाते. परमुलखात, परभाषेत, परक्या दरबारात घरच्या बोलीतील दोन शब्दांनी माणूस सावरला, हे ऐकून ऊर भरून येतो, आणि त्यात वावगे काही नाही. तथापि या अभिमानाच्या भरात कथेचा पूर्वार्ध आपण फार घाईने ओलांडतो. रोममध्ये धर्मशास्त्राची पदवी मिळविलेला, विषय मुखोद्गत असलेला एक विद्वान मनुष्य, काहीही धोका नसताना, केवळ माणसांच्या नजरांपुढे मुका होतो. त्याला विषय येत नव्हता असे नाही. राणी त्याला शिक्षा करणार होती असेही नाही. भयाला बाहेर कारण नव्हते, आणि तरी ते खरे होते. कथेतील खरे आश्चर्य आम्हांस वडिलांच्या शब्दांत नव्हे, तर या अकारण आणि तरीही खऱ्या भयात दिसते.

येथे एक विवेक करणे अवश्य आहे. व्यासपीठावरचे क्षणिक भय निराळे आणि आजचे वैद्यकशास्त्र ज्याला चिंताविकार म्हणते तो निराळा. पहिले बहुतेकांस केव्हा ना केव्हा होते आणि जाते. दुसऱ्यात भय मुक्कामाला येते: छाती धडधडणे, श्वास अपुरा पडणे, पोटात गोळा, रात्री झोप नाही, आणि या साऱ्याला पुरेसे कारण बाहेर सापडत नाही. फ्रॉइडने १८९५ साली चिंतेच्या या व्याधीला इतर मज्जादौर्बल्यापासून वेगळी काढली. १९८० साली अमेरिकन मनोवैद्यांच्या संघटनेने तिचे आणखी पोटभेद केले. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगातील सुमारे ३० कोटी माणसे असल्या विकारांनी ग्रस्त होती. फारियाला असा विकार होता असे आम्ही म्हणत नाही. एका प्रसंगावरून दोन शतकांपूर्वीच्या माणसाचे निदान करणे हा वैद्यकाचाही अपराध आणि समीक्षेचाही. परंतु जात एकच आहे. कारणावाचून भय ही वस्तू आतून कशी असते, हे त्या आख्यायिकेतील तरुणाला कळले होते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

आता ग्रंथाकडे वळू. ‘सुस्पष्ट निद्रेचे कारण, अथवा मानवी स्वभावाचा अभ्यास’ अशा अर्थाचे त्याचे फ्रेंच नाव असून तो १८१९ साली पॅरिसला निघाला. योजना अनेक खंडांची होती. लेखकाच्या मृत्यूमुळे पहिलाच खंड वाचकांच्या हाती आला. दालगादांनी १९०६ साली त्याची पुनरावृत्ती काढली आणि २००४ साली लॉरां कॅरर यांनी तो इंग्रजीत आणला. शैलीच्या दृष्टीने हा ग्रंथ वाचकाची परीक्षा पाहणारा आहे. वाक्ये लांबलचक, धर्मशास्त्राची आडवळणे पुष्कळ, आणि मुद्दा सिद्ध झाल्यावरही तो सोडण्याची लेखकाची तयारी नाही. पण त्याच्या मुळाशी असलेला विचार त्या काळाच्या मानाने चकित करणारा आहे. मेस्मरचे म्हणणे असे की, विश्वात एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे आणि चुंबकविद्येचा जाणकार तो आपल्या हातांतून रोग्यात सोडतो. १७८४ साली फ्रेंच राजाने नेमलेल्या मंडळाने (त्यात बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए होते) हा द्रव खोटा ठरवून सारा परिणाम कल्पनेचा आहे असा निकाल दिला. प्युईसेगूरने द्रवापेक्षा प्रयोगकर्त्याच्या इच्छाशक्तीवर भर दिला. फारिया हे तिन्ही पक्ष नाकारतो. द्रव नाही; प्रयोगकर्त्याची इच्छा दुसऱ्याला निजवू शकत नाही; आणि ‘कल्पना’ म्हणून हात झटकल्याने काहीच उलगडत नाही. निजण्याचे कारण निजणाऱ्यात आहे. प्रयोगकर्ता निमित्तमात्र, तो शब्द उच्चारतो, काम करतो तो ऐकणारा.

हे एक वाक्य मनोवैद्यकाच्या इतिहासात किती दूर गेले ते सर्वश्रुत आहे. नान्सीच्या बेर्नहाइमने सूचनेच्या सिद्धांताचा मान फारियाला दिला. त्याच बेर्नहाइमकडे १८८९ साली तरुण फ्रॉइड जाऊन आला. आणि पुढे फ्रॉइडने निजविणे सोडून ऐकणे पत्करले. कांदोळीपासून व्हिएन्नापर्यंतची ही वाट आम्ही ओढूनताणून काढलेली नाही.

ज्या माणसाने हा सिद्धांत लिहिला त्याचे प्रयोग मात्र सिद्धांताशी विसंगत होते, आणि या विसंगतीकडे चरित्रकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे आम्हांस वाटते. रू द क्लिशीवरच्या दिवाणखान्यात प्रवेशमूल्य पाच फ्रँक होते. उंच, सावळा, भारदस्त पाद्री समोरच्या माणसाला डोळे मिटावयास सांगे, आणि मग खणखणीत आवाजात आज्ञा करी: ‘झोपा!’ सारी मांडणी सत्तेची. समोरची सभा ही भाजी आणि आपण कापणारे, हा लिस्बनचा मंत्र जणू अंगवळणी पडला होता. भयभीत माणूस सभेवर मात करण्यासाठी पुष्कळदा जो मार्ग धरतो, तोच हा: सभेलाच निर्जीव करून टाकणे. शाळेत आम्ही हे नित्य पाहतो. वर्गाला भिणारा नवा शिक्षक वर्गावर सर्वांत मोठ्याने ओरडतो.

आणि मग ज्याचे भय होते तेच घडले. एका नटाने झोपेचे सोंग आणून भर सभेत त्याची फजिती केली. १८१६ साली त्याच्यावर ‘चुंबकवेड’ अशा अर्थाच्या नावाचे प्रहसन पॅरिसच्या एका नाट्यगृहात लागले, आणि सगळे शहर हसले. व्यासपीठावरच्या माणसाला रात्री स्वप्नात जे दिसते, ते या माणसाने उघड्या डोळ्यांनी पाहिले. प्रयोग बंद पडले. उपजीविकेसाठी त्याने मुलींच्या एका निवासी शाळेत धर्मगुरूची चाकरी धरली आणि तेथे बसून हा ग्रंथ लिहिला. आज्ञा करणारा फारिया रू द क्लिशीत संपला, आणि ‘सत्ता माझी नव्हे, तुमची’ असे लिहिणारा फारिया त्या शाळेत जन्माला आला. ग्रंथाचे मोठेपण आम्हांस या वळणात दिसते. भाजी कातरण्याचा मंत्र येथे लेखकाने स्वतः मोडला आहे.

तरीही ग्रंथात एक मोठे भगदाड आहे. निजणाऱ्यात कारण आहे, हे ठीक. पण ते कोणते? या प्रश्नाशी आल्यावर फारिया रक्ताच्या पातळपणाचा आधार घेतो: ज्यांचे रक्त पातळ ते लवकर निजतात, असे. हे आज कोणी मानीत नाही, आणि त्या काळीही त्याला प्रमाण नव्हते. एवढा सूक्ष्म निरीक्षक येथे का घसरला? आमचे उत्तर असे की, ज्या एका माणसाच्या अंतरंगाचे थेट निरीक्षण त्याला शक्य होते, तो माणूस त्याने ग्रंथाबाहेर ठेवला. लिस्बनचे प्रार्थनामंदिर ग्रंथात नाही. कंठ कोरडा पडलेला तरुण ग्रंथात नाही. १८१६ च्या हशाने मनावर काय केले तेही नाही. विरोधकांना उत्तरे आहेत, स्वतःची साक्ष नाही. स्वतःला वगळल्यावर मागे जी पोकळी राहिली ती रक्ताने भरावी लागली. वाङ्मयीन उणीव आणि शास्त्रीय उणीव येथे एकच आहे.

शापोरा नदीचा उल्लेख आम्ही केला होता. ती ओलांडून पेडण्यास आले म्हणजे भगवतीच्या देवळापाशी कोजागिरीला ‘पेडण्याची पुनव’ भरते. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात. एका रात्रीत देऊळ बांधून हवे असा भूतनाथाचा हट्ट आणि रुसून निघालेल्या त्याला समजावून परत आणणारी मंडळी, हा प्रसंग पाहावयास दुरून लोक येतात. आणि त्याच रात्री ‘बाधलेल्या’ माणसांना तेथे आणण्याची रूढी आहे. कोणी घुमतो, कोणी किंचाळतो, आणि पुष्कळजण शांत होऊन घरी जातात असा लोकांचा अनुभव आहे. सुधारकाने यास भोळसटपणा म्हणावे आणि श्रद्धाळूने दैवी प्रताप म्हणावा, ही आमच्याकडची नेहमीची विभागणी. फारियाचा ग्रंथ या दोघांनाही एक अडचणीचा प्रश्न विचारतो: तरंगात शक्ती नाही म्हणता, तर शांत झाला तो कशाने? आणि तरंगात शक्ती आहे म्हणता, तर सगळेच का शांत होत नाहीत? उत्तर शोधावयाचे ते त्या घुमणाऱ्या माणसात. घाड्याचे गाऱ्हाणे, ढोलाचा ठेका, हजारो डोळ्यांची अपेक्षा ही निमित्ते. नदीच्या अलीकडे जे भय देवापुढे बोलके होत असे, तेच पलीकडच्या पाद्र्याच्या मुलाला व्यासपीठावर मुके करून गेले, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. तो आवरता घेतो. पण पुनवेच्या रात्री भयाला निदान उघडपणे अंगात येण्याची मुभा असते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शिकलेल्या माणसाच्या भयाला ती मुभा नाही.

ही चर्चा आम्ही का आरंभिली ते आता सांगितले पाहिजे. पेडण्याकडच्या एका गावातली आमची एक विद्यार्थिनी. लेखी परीक्षेत सदैव वरच्या क्रमांकात. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री तिला ओकाऱ्या होत आणि हातपाय गार पडत. डॉक्टरांनी चिंताविकाराचे निदान केले, उपचार सुरू झाले, गुण येऊ लागला. पुढे तिने सांगितले की, तिला वैद्यक शिकून मनोविकारतज्ज्ञ व्हावयाचे आहे. घरची मंडळी शहाणी आणि प्रेमळ. परंतु तिचे मामा आम्हांस म्हणाले, ‘सर, जिचें आपलेंच मन थाऱ्यार ना, ती दुसऱ्याचें कितें बरें करतली?’ हा प्रश्न केवळ त्या मामांचा नव्हे. तो समाजाचा आहे, आणि वैद्यकीय विद्यालयांच्या भिंतींआडही तो कुजबुजला जातो. दमेकरी मनुष्य छातीचा डॉक्टर झाला तर कोणी काही म्हणत नाही. भ्यालेला मनुष्य मनाचा डॉक्टर होऊ पाहतो तेव्हा मात्र त्याच्या पात्रतेवरच बोट ठेवले जाते.

या शंकेला इतिहासाचे उत्तर स्पष्ट आहे. फ्रॉइडला आगगाडीच्या प्रवासाची भीती वाटे, आणि मित्र फ्लीसला लिहिलेल्या पत्रांतून त्याने ती न लपविता तपासली. त्याच काळात त्याचे आत्मविश्लेषण चालू होते. अमेरिकेतील एरन बेक या मनोविकारतज्ज्ञाला बालपणीच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताची, जखमेची, पुढे भाषणाचीही भीती जडली होती. तो तीवर काम करीत वैद्य झाला, आणि विचार बदलून विकार हलका करण्याची त्याची पद्धती आज चिंताविकारावरील मान्य उपचारांत अग्रभागी आहे. अल्बर्ट एलिस हा मानसशास्त्रज्ञ. तारुण्यात परक्या स्त्रीशी बोलावयास तो इतका भी की, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका वनस्पतिउद्यानात जाऊन महिनाभरात शंभरएक स्त्रियांशी बोलण्याचा नेम त्याने स्वतःला घालून दिला, आणि भय हे टाळल्याने वाढते व सामोरे गेल्याने झिजते, हे स्वतःवर पडताळून पाहिले. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स यांनी स्वतःच्या धडधडत्या छातीच्या अनुभवातून १९६२ साली सामान्यांसाठी पुस्तक लिहिले. या सर्वांनी फारियाने जे केले नाही ते केले: स्वतःची साक्ष काढली.

मराठी वाङ्मयाचे या बाबतीत काय? एलिसचा विचार मराठीत आणण्याचे श्रेय कि. मो. फडके यांना आहे. १९६८ पासून त्यांचा एलिसशी दीर्घ पत्रव्यवहार होता. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीत तो लाजाळू, भिणारा तरुण प्रथमपुरुषी निवेदनातून उभा केला. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘गद्धेपंचविशी’त स्वतःच्या घडणीविषयी लिहून मनोविकारतज्ज्ञही घडावा लागतो, जन्मतः स्थिरबुद्धी असत नाही, हे मराठी वाचकाला दाखवून दिले. ही पुस्तके मोलाची आहेत. परंतु ‘मी’ म्हणून भयाचे तपशील सांगणारा आमच्या भाषेतील निवेदक बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी आवरणात येतो, अमेरिकन असतो, रोगी असतो, किंवा नायक असतो. ‘ओपीडीत बसण्यापूर्वी माझे हात कापत होते, आणि समोरच्या रोग्याचेही’ एवढे साधे वाक्य पेशाचा झगा न उतरविता लिहिण्याचे धाडस विरळा. गीतेचा पहिला अध्याय हातून धनुष्य गळणाऱ्या, तोंड कोरडे पडलेल्या वीराचे वर्णन संकोचाशिवाय करतो, आणि ज्ञानदेव त्या अवस्थेवर रेंगाळतात. ज्या भाषेला ही परंपरा आहे, तिच्या आत्मचरित्रांनी एवढा संकोच का बाळगावा?

याचा अर्थ भय हीच पात्रता, असा कोणी काढील तर तो चुकेल. हा उलट बाजूचा भाबडेपणा हल्ली बराच ऐकू येतो: ज्याने दुःख भोगले तोच दुसऱ्याचे दुःख जाणतो. नुसते भोगल्याने काही कळत नाही; पोळलेला प्रत्येकजण स्वयंपाकी होत नाही. रोग्याचा वेळ रोग्याचा असतो, वैद्याच्या भयाचे निरसन करण्याची ती जागा नव्हे. ज्याला हा पेशा पत्करावयाचा आहे त्याने आपले उपचार नीट घेतले पाहिजेत, औषध लागले तर औषध, सल्ला लागला तर सल्ला. ज्येष्ठांच्या देखरेखीखाली आपले रोगी चर्चेसाठी मांडले पाहिजेत. आणि आपले भय व रोग्याचे भय यांची गल्लत केव्हा होते हे ओळखावयास शिकले पाहिजे. ही शिस्त निर्भय वैद्यालाही लागते, आणि आमच्या मते त्याला अधिकच लागते, कारण त्याला आपल्या आंधळ्या जागेची खबर नसते. आणि मुख्य म्हणजे ‘कातर रे भाजी’ हा मंत्र त्याला वर्ज्य आहे. पाद्र्याला तो एका प्रवचनापुरता तारू शकेल, विद्यार्थ्याला एका वक्तृत्वस्पर्धेपुरता. परंतु समोरच्या खुर्चीवरचे माणूस भाजी आहे असे ज्या मनोवैद्याला एकदा वाटले, त्याचे भय गेले असेल, पण वैद्यकी तेथेच संपली.

द्यूमाने १८४४ ते १८४६ या काळात लिहिलेल्या कादंबरीत फारियाचे नाव घेतले, त्याला इटालियन केले आणि तुरुंगात टाकले, याबद्दल गोमंतकीय वाचक अधूनमधून नाराजी व्यक्त करतात. आम्ही नाराज नाही. कादंबरीतील फारिया आजारी आहे; त्याला आनुवंशिक झटके येतात, आणि तो ते डान्तेसपासून लपवीत नाही; झटका आला तर कोणते औषध किती थेंब द्यावे हे त्यालाच शिकवून ठेवतो. अन्न टाकून मरावयास निघालेल्या डान्तेसला हाच आजारी मनुष्य गणित, इतिहास, भाषा शिकवून जगावयास लावतो. खऱ्या फारियाने ग्रंथात जी साक्ष दिली नाही, ती द्यूमाच्या फारियाने वाकून, अंथरुणावरून दिली. आमच्या शिक्षकबंधूंनी ही प्रकरणे या दृष्टीने एकवार अवश्य वाचावीत.

गोव्यात मनोवैद्यकाची व्यवस्था आज फारियाच्या काळाहून फारच निराळी आहे. आल्तिन्होवर मनोरुग्णांचे जे इस्पितळ होते त्याला आबे फारियाचेच नाव होते. लोक मात्र त्याला ‘पिशांचे इस्पितळ’ म्हणत. आता त्याची जागा बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेने घेतली आहे, आणि १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय तिच्या शेजारीच आहे. १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने गोव्यातील २४ प्राथमिक उपचारकेंद्रांत केलेला प्रयोग २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांच्या साह्याने खिन्नता व चिंता यांनी ग्रस्त माणसे सरकारी केंद्रांत अधिक प्रमाणात बरी होतात, असे त्यात दिसले. निमित्त कोण आहे यापेक्षा ऐकणाऱ्याच्या आत काय घडते याला महत्त्व आहे, हे फारियाचे म्हणणे येथे निराळ्या वेषात पुढे आलेले दिसते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागविण्याचा दंडक घातला आहे. मामांच्या प्रश्नाला कायदा उत्तर देऊ शकत नाही, पण तो प्रश्न विचारताना आवाज थोडा खाली आणावयास लावतो.

त्या मुलीला आम्ही काय सांगितले, असे वाचक विचारतील. फारियाचे चरित्र वाचावयास दिले, आणि मामांनाही. तिने ते परत करताना विचारले की, प्रार्थनामंदिरातून घरी गेल्यावर त्या रात्री त्याला झोप लागली असेल का. चरित्रकारांपैकी कोणाला हा प्रश्न सुचलेला नाही.

जाता जाता भाषांतराचा एक मुद्दा. अकादमीच्या सभासदांपैकी कोणी हा ग्रंथ मराठीत आणावयास घेतला, तर पहिली अडचण संज्ञांची येईल. फारिया झोपेला ‘कॉन्सांत्रासियाँ’ म्हणतो, निजविणाऱ्याला ‘कॉन्सांत्रातर’, आणि निजणाऱ्याला ग्रीक गूढविधीतून घेतलेला ‘एपोप्त’ हा शब्द वापरतो, ज्याचा अर्थ ‘ज्याने पाहिले तो’. पहिल्यास ‘एकाग्रता’ हा प्रतिशब्द सहज सुचतो, परंतु शाळेत आम्ही तो शब्द इतका झिजविला आहे की, त्यात आता छडीचा वास येतो. ‘अंतर्लीनता’ अधिक जवळचा वाटतो. दुसऱ्यास ‘संमोहक’ म्हणणे सर्वस्वी चुकीचे ठरेल, कारण त्याने सत्ता पुन्हा हातांत जाईल, ‘निमित्तकर्ता’ चालावा. तिसऱ्यासाठी ‘माध्यम’, ‘पात्र’, ‘रोगी’ हे तिन्ही शब्द टाळावेत. आमची सूचना ‘द्रष्टा’ अशी आहे, आणि स्त्री असल्यास ‘द्रष्टी’.